लिनस पॉलिंग आणि पडशाचे कोडे

पावसाळा सुरू झाला की वर्गात एखादा मुलगा शिंकू लागतो आणि आठवड्याभरात अर्धा वर्ग नाक पुसत बसतो. पडसे हा विषाणूंमुळे होणारा आजार आहे. औषध घेतले तर तो सात दिवसांत बरा होतो आणि न घेतले तर एका आठवड्यात, असे लोक गमतीने म्हणतात. अशा या क्षुल्लक वाटणाऱ्या आजारासाठी जगातील एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे डॉक्टरांशी वाद घातला. या शास्त्रज्ञाला दोन नोबेल पारितोषिके मिळाली होती आणि दोन्ही वेळा पारितोषिकात दुसरा कोणी वाटेकरी नव्हता. असा मान आजवर त्यांच्याखेरीज कोणालाही मिळालेला नाही. त्यांचे नाव लिनस पॉलिंग.

लिनस यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड या शहरी झाला. ही तारीख तुमच्या ओळखीची असेल. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला प्रसिद्ध शोध लावला, म्हणून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. दोन्ही गोष्टी एकाच तारखेला याव्यात हा केवळ योगायोग.

लिनसचे वडील औषधविक्रेते होते. दुकानात निरनिराळ्या अर्कांच्या आणि चूर्णांच्या बाटल्या मांडलेल्या असत. लिनस त्या बाटल्यांमध्येच वाढला. मुलाला वाचनाचे विलक्षण वेड आहे हे वडिलांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी पोर्टलंडच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला कोणती पुस्तके वाचायला द्यावीत, असा सल्ला विचारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोटाच्या आजाराने वडील वारले. लिनसच्या मागे दोन लहान बहिणी होत्या. आईने घरात भाडेकरू ठेवून, त्यांचे जेवणखाण करून संसार चालवला. तिची स्वतःची प्रकृतीही चांगली नव्हती.

तेरा वर्षांचा असताना लिनस एका मित्राच्या घरी गेला. मित्राने साखर आणि एक क्षार एकत्र करून त्यावर आम्लाचा थेंब टाकला. ताबडतोब भडका उडाला, धूर निघाला आणि काळा कोळसा उरला. पांढऱ्या साखरेचे असे रूप पाहून लिनस थक्क झाला. घरी परतताना त्याने रसायनशास्त्रज्ञ व्हायचे ठरवून टाकले. त्याचे आजोबा एका पोलाद कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. जवळच एक बंद पडलेली प्रयोगशाळा होती. तेथील टाकून दिलेली रसायने आणि उपकरणे गोळा करून लिनसने घराच्या तळघरात आपली प्रयोगशाळा थाटली. (अशी रसायने हाताळणे फार धोक्याचे असते. लिनसचे नशीब चांगले, एवढेच म्हणावे लागेल.)

शाळेत मात्र एक गंमत झाली. प्रमाणपत्रासाठी इतिहासाचे दोन अभ्यासक्रम पुरे करणे आवश्यक होते. ते दोन्ही एकाच वेळी करू देण्यास मुख्याध्यापकांनी नकार दिला. लिनसने प्रमाणपत्राची वाट न पाहता शाळाच सोडली आणि १९१७ साली, सोळाव्या वर्षी, ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. राहिलेले प्रमाणपत्र त्या शाळेने त्यांना १९६२ साली दिले. तोपर्यंत त्यांची कीर्ती जगभर पसरली होती.

मुलाने शिकण्यापेक्षा कारखान्यात कायमची नोकरी धरावी, असे आईला वाटे. तिचेही चुकीचे नव्हते. घरात पैसा नव्हता. लिनसने लहानपणी दूध घरोघर पोहोचवले होते, चित्रपटगृहात यंत्र चालवले होते. महाविद्यालयात असताना सुट्टीत त्याने रस्त्यांच्या डांबरीकरणावर देखरेखीचे काम केले. एका वर्षी फी भरण्याची सोय नव्हती, तेव्हा महाविद्यालयाने त्याला शिकवण्याचे काम दिले. ज्या विषयाचा तो विद्यार्थी होता, तोच विषय तो आता इतरांना शिकवू लागला. त्याच्या एका वर्गात एव्हा हेलन मिलर नावाची हुशार विद्यार्थिनी होती. १९२३ साली दोघांचा विवाह झाला. पुढे अठ्ठावन्न वर्षे एव्हा हेलन यांनी त्यांना साथ दिली.

१९२५ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील कॅलटेक या संस्थेतून पॉलिंग डॉक्टर झाले आणि पुढील अभ्यासासाठी पत्नीसह युरोपात गेले. ते तेथे असतानाच १९२६ साली त्यांची आई वारली. तिला एक घातक प्रकारचा रक्तक्षय झाला होता. नेमके त्याच वर्षी अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की, असा रोगी भरपूर कलेजी खाल्ल्याने बरा होऊ शकतो. कलेजीतील तो गुणकारी पदार्थ म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, हे कळायला १९४८ साल उजाडले. औषध निघाले, पण पॉलिंग यांच्या आईला ते मिळाले नाही.

पॉलिंग यांच्या संशोधनाविषयी सांगायचे तर एक वेगळा धडाच लिहावा लागेल. अणू एकमेकांना का चिकटतात आणि त्यांच्यापासून रेणू कसा बनतो, याचे उत्तर त्यांनी शोधले. १९३९ साली या विषयावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ कित्येक वर्षे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आधार होता. १९४८ साली ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे असताना पडशाने अंथरुणाला खिळले. पडून पडून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी कागदावर प्रथिनाच्या रेणूची साखळी काढली आणि कागदाला निरनिराळ्या घड्या घालून पाहिल्या. एका घडीत साखळीला मळसूत्रासारखा सुबक पीळ बसला. प्रथिनांच्या रचनेचे एक मोठे रहस्य असे अंथरुणात उलगडले. पॉलिंग यांच्या आयुष्यात पडसे प्रथम आले ते असे उपकार करून!

१९४९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल या रक्तदोषाचे कारण शोधले. या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या रेणूतच दोष असतो, हे त्यांनी सिद्ध केले. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी भागात हा आजार आढळतो. तेथील दवाखान्यांत विजेच्या साहाय्याने रक्ताची जी तपासणी करतात, तिचे मूळ पॉलिंग यांच्या प्रयोगात आहे. १९५४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे पारितोषिक शांततेचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी राष्ट्रे अणुबाँबच्या चाचण्या उघड्या हवेत करू लागली. त्यांची विषारी धूळ वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरते आणि तिच्यामुळे जन्माला येणाऱ्या बालकांनाही अपाय होतो, हे पॉलिंग सांगू लागले. सरकारला हे रुचले नाही. १९५२ साली त्यांना परदेशी जाण्याचा परवाना नाकारण्यात आला. तरीही ते गप्प बसले नाहीत. १९५८ साली त्यांनी पत्नीसह जगातील हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केला. १९६२ साली एके दिवशी ते अध्यक्ष केनेडी यांच्या निवासासमोर फलक घेऊन निदर्शने करत होते आणि त्याच रात्री पाहुणे म्हणून त्याच निवासात मेजवानीला हजर होते! १० ऑक्टोबर १९६३ रोजी उघड्या हवेतील चाचण्यांवर बंदी घालणारा करार अमलात आला. त्याच दिवशी पॉलिंग यांना १९६२ सालचे शांततेचे नोबेल जाहीर झाले. १९६७ साली मौलाना आझाद यांच्या स्मरणार्थ दिल्लीत होणारी व्याख्याने त्यांनीच दिली. विषय होता विज्ञान आणि जागतिक शांतता.

अशा माणसाच्या शब्दाला वजन असणारच. आता आपण मूळ गोष्टीकडे वळू.

१९६६ साली न्यूयॉर्क येथे एका सत्कारप्रसंगी पॉलिंग बोलता बोलता म्हणाले की, विज्ञानाची पुढील प्रगती पाहण्यासाठी आपल्याला आणखी पंधरावीस वर्षे जगायला आवडेल. त्या वेळी ते पासष्ट वर्षांचे होते. सभेत अर्विन स्टोन नावाचे एक रसायनतज्ज्ञ बसले होते. त्यांनी पॉलिंग यांना पत्र लिहून कळवले की, रोज ३ ग्रॅम क जीवनसत्त्व घेतल्यास आपण आणखी पुष्कळ वर्षे जगाल. पॉलिंग यांनी जेवणातील पथ्याची किमया पूर्वी अनुभवली होती. १९४१ साली त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला होता. तेव्हा एका डॉक्टरांनी त्यांना मीठ बंद करून आणि प्रथिने कमी करून बरे केले होते. म्हणून त्यांनी स्टोन यांचा सल्ला मानला. दोघे पतीपत्नी रोज गोळ्या घेऊ लागले. आपल्याला बरे वाटते, पूर्वीसारखे वारंवार पडसे होत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले.

क जीवनसत्त्व म्हणजे काय, हे तुम्हांला माहीत आहे. आवळा, पेरू, लिंबू, संत्रे, मिरची यांत ते भरपूर असते. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळे मिळत नसत. त्यांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, जुन्या जखमा उघडत आणि शेकडो खलाशी मरण पावत. हाच स्कर्व्ही रोग. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. संत्री आणि लिंबे खाणारी जोडी सर्वांत आधी बरी झाली. फळांतील तो पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व, हे १९३० नंतर हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी आणि इतरांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. स्कर्व्ही टाळण्यासाठी या जीवनसत्त्वाची गरज अगदी थोडी असते. भारतातील तज्ज्ञांनी २०२० साली प्रौढ पुरुषासाठी रोजचे ८० मिलिग्रॅम एवढे प्रमाण ठरवले. एका चांगल्या पेरूतून याहून अधिक मिळते.

पॉलिंग यांचे म्हणणे वेगळे होते. शेळी, गाय, कुत्रा असे बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात आणि तेही रोज काही ग्रॅम. माणसाची ही शक्ती फार प्राचीन काळी नष्ट झाली. म्हणून माणसानेही ग्रॅमच्या हिशेबाने ते बाहेरून घ्यावे, म्हणजे विषाणू त्याच्या वाऱ्याला उभे राहणार नाहीत, असा त्यांचा तर्क होता. १९६१ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी आलेल्या २७९ जणांवर एक प्रयोग झाला होता. त्यांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते. त्यांना पडसे कमी झाले होते. या प्रयोगावर पॉलिंग यांचा मोठा विश्वास होता. १९७० साली त्यांनी क जीवनसत्त्व आणि पडसे या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. ते झपाट्याने खपले. अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत गोळ्या मिळेनाशा झाल्या. १९७६ साली त्यांनी त्या पुस्तकात फ्ल्यूचीही भर घातली.

डॉक्टर रागावले. रसायनशास्त्रात नोबेल मिळाले म्हणून वैद्यकातले सगळे कळते असे नाही, अशी टीका झाली. पण पॉलिंग यांच्यासारख्या माणसाला नुसते हसून उडवून लावता येत नव्हते. खरे काय ते प्रयोगानेच ठरणार होते. म्हणून देशोदेशी चाचण्या सुरू झाल्या.

येथे एक अडचण असते, ती समजून घ्या. पडसे आपोआप बरे होते. गोळी घेतली आणि बरे वाटले, तर ते गोळीमुळे की आपोआप, हे एकट्या माणसाला कळत नाही. म्हणून लोकांचे दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी देतात आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही सांगत नाहीत आणि देणाऱ्यालाही नाही. मग दोन्ही गटांची तुलना करतात.

कॅनडातील टोरांटो येथे ८०० हून अधिक लोकांवर अशी चाचणी झाली. तिचा निकाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. पडसे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. मात्र जीवनसत्त्व घेणाऱ्यांना आजारामुळे घरी बसावे लागले ते दिवस सुमारे ३० टक्के कमी होते. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना याचे आश्चर्य वाटले. त्यांनी आणखी मोठी चाचणी घेतली, तेव्हा एवढा फायदा दिसला नाही.

अमेरिकेतील सरकारी आरोग्य संस्थेने आपल्याच नोकरांवर घेतलेली चाचणी तर फारच बोधप्रद ठरली. तिचा निकाल १९७५ साली आला. प्रारंभी ३११ जण होते, शेवटपर्यंत १९० टिकले. एका गटाच्या कॅप्सूलमध्ये क जीवनसत्त्व होते, दुसऱ्याच्या कॅप्सूलमध्ये दुधातील साखर. काही जणांना राहवले नाही. त्यांनी कॅप्सूल फोडून चाखली! आंबट लागली की खरी, गोड लागली की खोटी. आपल्याला खरे औषध मिळते आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांचे पडसे लवकर बरे झाले. ज्यांना ओळखता आले नाही, त्यांच्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शरीरापेक्षा मनच येथे जास्त काम करत होते.

पॉलिंग यांना हे पटले नाही. मात्रा कमी दिली, गणित चुकीचे केले, असे दोष ते दाखवत राहिले. त्यांचे काही आक्षेप योग्यही होते. पण आपल्या बाजूचा निष्कर्ष निघाला की तो प्रयोग चांगला आणि विरुद्ध निघाला की तो सदोष, असे त्यांचे होऊ लागले, हे खेदाने म्हणावे लागते. अणुचाचण्यांच्या वेळी सरकारपुढे न वाकणारा त्यांचा हट्टी स्वभाव येथे त्यांच्या आड आला. पुढे कर्करोगावरही क जीवनसत्त्व उपयोगी पडते असे ते म्हणू लागले. प्रसिद्ध मेयो रुग्णालयातील डॉक्टरांनी १९७९ आणि १९८५ साली याची तपासणी केली, तेव्हा तोंडाने दिलेल्या जीवनसत्त्वाचा उपयोग दिसला नाही. मधल्या काळात, १९८१ साली, एव्हा हेलन पोटाच्या कर्करोगाने वारल्या. त्याही अनेक वर्षे भरपूर गोळ्या घेत होत्या. पॉलिंग फार एकाकी झाले, पण त्यांचा विश्वास ढळला नाही. अखेरच्या वर्षांत ते रोज १८ ग्रॅम क जीवनसत्त्व घेत असत. १९ ऑगस्ट १९९४ रोजी, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील आपल्या शेतावर, त्यांचे कर्करोगाने निधन झाले. त्या वेळी ते त्र्याण्णव वर्षांचे होते. न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी मागितली होती त्याहून अधिक वर्षे त्यांना मिळाली. ती गोळ्यांमुळे मिळाली की नाही, हे एका माणसाच्या उदाहरणावरून कोणी सांगू शकणार नाही.

पडशाचा निकाल मात्र पुढे बराच स्पष्ट झाला. २०१३ साली फिनलंडचे हेमिला आणि त्यांच्या सहकारी यांनी तोपर्यंतच्या २९ चाचण्या एकत्र केल्या. त्यांत ११,३०६ माणसे होती. रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसाधारण माणसाला पडसे कमी वेळा होते, असे दिसले नाही. पण जे रोज घेत होते त्यांचे पडसे जरा लवकर बरे झाले, मोठ्यांत ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के. म्हणजे सात दिवसांचे पडसे मोठ्यांना साधारण साडेसहा दिवस आणि मुलांना सहा दिवस टिकले. पडसे झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर खात्रीचा उपयोग दिसला नाही. कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, लांब अंतराचे धावपटू आणि बर्फावर घसरणारे खेळाडू यांच्यात मात्र पडशाचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. स्वित्झर्लंडच्या ज्या प्रयोगावर पॉलिंग यांनी एवढी भिस्त ठेवली, तो नेमका अशाच लोकांवर झालेला होता. एका खास गटाची गोष्ट त्यांनी सगळ्या जगाला लावली.

जास्त जीवनसत्त्व घेतल्याने जास्त लाभ का होत नाही, यालाही कारण आहे. आतडी एका मर्यादेपर्यंतच ते शोषून घेतात. रक्तात गेलेले जादा जीवनसत्त्व मूत्रपिंडे बाहेर टाकतात. उलट फार मात्रेने जुलाब होतात आणि काहींना मूतखडाही होऊ शकतो. ज्याच्या शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाची खरोखर उणीव आहे, त्याची गोष्ट वेगळी. अ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या बालकाला गोवर झाला तर त्याचे डोळे आणि प्राण दोन्ही धोक्यात येतात. म्हणूनच आपल्याकडे नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. तुमच्या धाकट्या भावंडांनाही ते मिळाले असतील. मात्र हा डोस लसीऐवजी नसतो. गोवरापासून रक्षण लसच करते.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा आपल्याही औषधांच्या दुकानांत क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना एकदम मोठी मागणी आली. ज्यांनी पॉलिंग यांचे नावही ऐकले नव्हते, अशी माणसे रांगेत उभी होती. अमेरिकेत २१४ कोरोनाग्रस्तांवर चाचणी झाली. काहींना रोज ८ ग्रॅम क जीवनसत्त्व, काहींना जस्त, काहींना दोन्ही दिले आणि काहींना यांपैकी काहीच दिले नाही. २०२१ साली निकाल आला. गोळ्या घेणारे इतरांपेक्षा लवकर बरे झाले, असे दिसले नाही.

पॉलिंग यांनी १९७३ साली सुरू केलेली संशोधन संस्था त्यांच्या मृत्यूनंतर, १९९६ साली, ऑरेगनला नेण्यात आली. ज्या महाविद्यालयात लिनस नावाचा मुलगा फी भरण्यासाठी शिकवण्याचे काम करत होता, तेच महाविद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. संस्था तेथेच आहे. तिला पॉलिंग यांचेच नाव आहे आणि ती आजही जीवनसत्त्वांवर संशोधन करते. मोठ्या माणसाने रोज किती क जीवनसत्त्व घ्यावे, याविषयी तिचा सल्ला ४०० मिलिग्रॅमचा आहे. पॉलिंग स्वतः घेत होते त्याचा तो बरोबर पंचेचाळिसावा भाग भरतो.